आकाशातून पडलेले धोंडे आणि त्यांतील जीवखुणा

नीरा-भीमेच्या संगमाकडील मुलखात, इंदापूर तालुक्यातील बावड्यासारख्या गावी, अंधाऱ्या पक्षातील निरभ्र रात्री आकाशाकडे दृष्टी लावून बसणाऱ्या मनुष्यास घटकाभरात एखादा तरी तारा तुटताना दिसतो. वास्तविक तो तारा नव्हे. अवकाशात भटकणारा एखादा खडा प्रचंड वेगाने आपल्या हवेत शिरतो, तापून पेटतो, आणि त्याची ती तेजस्वी रेषा उमटते. अशा बहुतेक उल्का वाटेतच भस्म होतात. क्वचित एखाद्या मोठ्या उल्केचा उरलासुरला गोळा भूमीपर्यंत येऊन पोचतो. त्यास अशनी म्हणतात. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोलच्या परिसरात भर दुपारी असे धोंडे पडले आणि ते शास्त्रज्ञांच्या हाती आले. म्हणजे अशनी ही काही दूरदेशीची किंवा केवळ ग्रंथातली वस्तू नव्हे.

या धोंड्यांविषयी गेली दीडशे वर्षे एक प्रश्न विद्वानांना सतावीत आला आहे. पृथ्वीबाहेरून आलेल्या या पाषाणांच्या पोटात जीवांचे अवशेष आहेत काय? असतील, तर जीवसृष्टी ही केवळ आपल्या भूमीची मिरास राहणार नाही. किंबहुना आपले स्वतःचे मूळही इतरत्र असण्याचा संभव उत्पन्न होईल. माणसाच्या जिज्ञासेला याहून मोठा प्रश्न क्वचितच लाभला असेल. म्हणूनच या बाबतीत पुन्हा पुन्हा दावे झाले, वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे झळकले, आणि काही काळाने ते दावे मागे पडले. या वादाशी महाराष्ट्राचाही निकटचा संबंध आला आहे. तो कसा, हे समजण्यासाठी आधी दाव्यांचा इतिहास पाहणे अवश्य आहे.

आपल्या न्यायशास्त्रात घुणाक्षरन्याय म्हणून एक सुंदर दृष्टांत आहे. घुण नावाचा किडा लाकूड पोखरीत जातो. त्याच्या पोखरण्याने कधी कधी लाकडावर अक्षरासारखी आकृती उमटते. म्हणून तो किडा साक्षर ठरत नाही. अशनीतील जीवाश्मांच्या इतिहासात पहिली मोठी चूक झाली ती हीच. १८८० साली ऑटो हान या जर्मन गृहस्थाने एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. हा पेशाने वकील, पण त्यास खडकांच्या अभ्यासाचा नाद होता. अशनींचे पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवून त्याने त्यांत प्रवाळ आणि स्पंज यांचे सांगाडे ओळखले, आणि अवघा अशनी म्हणजे प्राण्यांच्या अवशेषांची रास होय, असे प्रतिपादन केले. पुढे तपासाअंती ठरले की, हानने जे पाहिले ते वितळलेल्या खनिजाचे गोठलेले बारीक गोल थेंब होते. त्यांतील स्फटिक पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरतात आणि प्रवाळाचा भास उत्पन्न करतात. त्यांत जीवाचा लवलेश नव्हता.

ही फसगत केवळ जर्मन वकिलाचीच होते असे नाही. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळातील पोकळ्यांत अकीक सापडतो. त्याच्या एका जातीत हिरवे-काळे तंतू इतके हुबेहूब पसरलेले असतात की, पाहणाराने शपथेवर सांगावे, हे शेवाळच दगडात अडकले आहे. जवाहिऱ्यांनी त्यास शेवाळी अकीक असे नावही दिले. परंतु ते तंतू निव्वळ खनिजाचे. दुसरे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे. तेथील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे वर्तुळाकार विवर ज्वालामुखीचे की अशनीच्या आघाताचे, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. नुसत्या वाटोळेपणावरून त्याचा निकाल लागण्यासारखा नव्हता. १९७३ साली तेथील खडकात मॅस्कलिनाइट ही काच सापडल्याचे प्रसिद्ध झाले. ही काच आघाताच्या प्रचंड दाबाखालीच तयार होते; ज्वालामुखीला ती साधत नाही. तेव्हा वाद मिटला. तात्पर्य, आकार हा साक्षीदार म्हणून दुबळा. जी खूण अन्य कोणत्याही कारणाने उमटूच शकत नाही, ती खरी साक्ष. नैयायिकांच्या भाषेत बोलायचे, तर पुरावा अन्यथासिद्ध असता कामा नये.

दुसरी मोठी अडचण आकाराहून सूक्ष्म आहे. १४ मे १८६४ रोजी सायंकाळी फ्रान्सच्या दक्षिण भागात ऑर्ग्वेल या गावाजवळ काळ्या, ठिसूळ, सुरीने कापता येईल अशा धोंड्यांचा वर्षाव झाला. त्यांत कार्बनयुक्त द्रव्य पुष्कळ होते आणि रसायनज्ञांस ते कुजलेल्या पालापाचोळ्याच्या मातीसारखे वाटले. योगायोग असा की, त्यापूर्वी पाचच आठवडे लुई पाश्चर याने पॅरिसमध्ये आपले विख्यात व्याख्यान दिले होते. निर्जीव द्रव्यातून जीव आपोआप उत्पन्न होत नाही, असा त्याचा सिद्धान्त होता. साहजिकच ऑर्ग्वेलच्या धोंड्यांकडे सर्वांचे डोळे लागले.

जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, क्लॉस आणि नागी या अमेरिकेतील दोघा संशोधकांनी या धोंड्यात सूक्ष्म शैवालासारखे सुघटित कण सापडल्याचे जाहीर केले. मोठी खळबळ उडाली. परंतु एडवर्ड अँडर्स आणि फ्रँक फिच यांनी बारकाईने पाहता त्यांतील एक ठळक आकृती रॅगवीड या तणाचा परागकण निघाली. हे तण आपल्या गाजरगवताच्याच कुळातले. काही कण भट्टीच्या राखेचे होते, तर उरलेले बहुतेक साधे खनिज. म्हणजे ज्यास आकाशस्थ म्हणून आसन दिले, तो पाहुणा खिडकीतून आत आलेला शेजारी होता.

याच चौकशीत एक अद्भुत प्रकार उजेडात आला. फ्रान्समधील मोंतोबाँच्या संग्रहालयात ऑर्ग्वेलचा एक तुकडा १८६४ पासून काचेच्या बरणीत बंद होता. त्यात लव्हाळ्याच्या जातीच्या वनस्पतीचे बी आणि कोळशाचे तुकडे सापडले. १९६४ साली अँडर्स व त्याच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की, कोणीतरी तो तुकडा ओला करून त्यात हे पदार्थ कोंबले होते आणि वरून सरस लावून अशनीच्या जळक्या सालीची बतावणी केली होती. ही थट्टा कोणी केली ते कधीच कळले नाही. बहुधा पाश्चरच्या व्याख्यानाने तापलेल्या वादात कोणास तरी पंडितांची फजिती करावयाची होती. परंतु बरणी वेळेवर कोणी उघडलीच नाही, आणि त्या थट्टेला हसणारा मिळण्यास शंभर वर्षे लागली. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी वाटली, तरी तिचा बोध गंभीर आहे. बंद बरणीतला नमुना म्हणून तो शुद्ध, असे गृहीत धरता येत नाही. नमुना पडला कोठे, उचलला कोणी, ठेवला कसा, याचा अखंड वृत्तान्त हाती नसेल, तर पुढची सारी परीक्षा वाळूच्या पायावर उभी राहते.

या वादातील सर्वांत गाजलेले प्रकरण १९९६ सालचे. अंटार्क्टिकाच्या बर्फावर २७ डिसेंबर १९८४ रोजी १.९३ किलोग्रॅम वजनाचा एक दगड सापडला होता. तो मंगळ ग्रहावरून उडून आलेला, असे पुढे निश्चित झाले. दगड मंगळावरचा हे ओळखणे आश्चर्याचे वाटेल. परंतु त्याचा एक पुरावा त्याच जातीच्या दगडांत अडकलेल्या वायूंचा. ते वायू मंगळाच्या हवेशी जुळतात. अशा मंगळ-पाषाणांचा एक आद्य नमुना आपल्याच देशात, बिहारमधील शेरघाटी येथे १८६५ साली पडला. लोणारचा निकाल लावणारी मॅस्कलिनाइट काच प्रथम ओळखली गेली तीही त्याच धोंड्यात. असो.

१९९६ च्या ऑगस्ट महिन्यात डेव्हिड मॅके व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले की, अंटार्क्टिकातील त्या दगडात प्राचीन मंगळ-जीवांच्या खुणा असाव्यात. अमेरिकेच्या अध्यक्षांनी स्वतः त्यावर निवेदन केले. पुरावे चार होते : पाण्याच्या सान्निध्यात बनलेले कार्बोनेटचे गोळे, काही कार्बनी संयुगे, चुंबकी लोहखनिजाचे सूक्ष्म स्फटिक आणि अळीसारख्या अतिसूक्ष्म आकृती. प्रत्येक पुराव्याला जीवाविना खुलासा असू शकेल हे मॅके यांनाही मान्य होते. मात्र चारही एकत्र आल्याने जीव हाच सोपा खुलासा ठरतो, अशी त्यांची मांडणी होती. त्याच पत्रकार-परिषदेत प्राचीन जीवाश्मांचे जाणकार विल्यम शॉफ यांना मुद्दाम बोलाविले होते आणि त्यांनी तेथेच आपली शंका स्पष्ट बोलून दाखविली. जाहीर करणाऱ्यांनी विरोधकास आपल्याच व्यासपीठावर जागा द्यावी, ही त्या प्रकरणातील खरोखर अनुकरणीय गोष्ट होय.

पुढे एकेक खांब खचत गेला. त्या आकृती वीस ते शंभर नॅनोमीटर इतक्या लहान होत्या. १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने भरविलेल्या परिषदेत असे अनुमान निघाले की, जगण्याची किमान यंत्रसामग्री सामावणारी पेशी सुमारे दोनशे नॅनोमीटरहून फारशी लहान असू शकत नाही. चुंबकी स्फटिक कार्बोनेट तापवूनही तयार करता आले. २०२२ मध्ये अँड्र्यू स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, त्या दगडातील कार्बनी संयुगे पाणी व खडक यांच्या रासायनिक क्रियेतूनच उपजली असावीत. चार दुबळे साक्षीदार एकत्र उभे केले, म्हणून एक बळकट साक्ष होत नाही, हा त्या प्रकरणाचा धडा.

यानंतरचे दोन दावे थोडक्यात सांगता येतील. मार्च २०११ मध्ये रिचर्ड हूवर या संशोधकाने ऑर्ग्वेल आदी धोंड्यांत सूक्ष्मजंतूंचे तंतू सापडल्याचे प्रसिद्ध केले. ते ज्या अमेरिकन अवकाश-संस्थेत काम करीत, तिनेच त्या निष्कर्षास पाठिंबा देण्याचे नाकारले. पुरावा मुख्यतः पुन्हा आकाराचाच होता, आणि धोंडा दीड शतक माणसांच्या हाताळणीत राहिलेला. २०१३ च्या आरंभी श्रीलंकेतील पोलोन्नरुवा येथील एका दगडात डायाटम, म्हणजे ज्यांस मराठीत करंडक वनस्पती म्हणतात, त्यांचे सांगाडे सापडल्याचे चंद्र विक्रमसिंघे व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिले. डायाटम खरेच होते, यात शंका नाही. परंतु ते आपल्या नद्यातळ्यांत आढळणाऱ्या जातींचे होते, आणि मुळात तो दगड अशनी असल्याचेच तज्ज्ञांना पटले नाही.

आता महाराष्ट्राकडे वळू. जीव विश्वात सर्वत्र विखुरलेला असून धूमकेतूंच्या धुळीबरोबर तो ग्रहांवर येऊन पडतो, या मताचा पुरस्कार विक्रमसिंघे यांच्या बरोबरीने करणारे ज्योतिर्विद म्हणजे केंब्रिजचे सर फ्रेड हॉयल. या हॉयलांचे शिष्य व पुढे सहकारी झाले ते डॉ. जयंत विष्णु नारळीकर. त्यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. वडील बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे अध्यापक. केंब्रिजमध्ये नाव कमावून नारळीकर १९७२ साली मायदेशी परतले, आणि १९८८ मध्ये पुण्यास आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली तिचे ते संस्थापक-संचालक झाले. मराठी वाचकांस ते विज्ञानकथांचे लेखक म्हणून घरोघर परिचित होते. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

गुरूंच्या मताविषयी नारळीकरांस आस्था होती, हे उघड आहे. परंतु त्यांनी प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला. वस्तुसंग्रहालयातला जुना धोंडा कितीही खरवडला, तरी त्यावर भूमीची धूळ नाही असे कोण सांगणार? त्यापेक्षा जीव खरोखर वरून पडत असतील, तर ते भूमीस लागण्यापूर्वीच, उंच हवेत, पकडले पाहिजेत. उष्ण कटिबंधात सुमारे सतरा किलोमीटर उंचीपर्यंत वारे व ढग यांची घुसळण चालते. त्यापलीकडे भूमीवरची धूळ सहसा जात नाही. म्हणून फुगा तेथून पुष्कळ वर पाठवावयाचा, अशी ही योजना होती.

भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या साह्याने हैदराबादेहून पहिले उड्डाण २१ जानेवारी २००१ रोजी झाले. एकेचाळीस किलोमीटरपर्यंतची हवा गोळा झाली. त्या नमुन्यांत जिवंत पेशींचे पुंजके दिसल्याचे त्याच वर्षी जाहीर झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २० ऑगस्ट २००१ रोजी, हॉयल निवर्तले. पुढे इंग्लंडात त्या नमुन्यांतून दोन जातींचे जंतू व एक बुरशी वाढविण्यात आली. परंतु तिन्ही पृथ्वीवर परिचित होत्या. साहजिकच शंका आली की, ही भेसळ नसेल कशावरून?

ही शंका नारळीकरांनी झिडकारली नाही. दुसऱ्या उड्डाणाची आखणी तीच समोर ठेवून झाली. २० एप्रिल २००५ रोजी दोन कोटी सदुसष्ट लाख घनफूट आकारमानाचा फुगा हैदराबादेहून पुन्हा सोडण्यात आला. त्याखाली टांगलेल्या ४५९ किलोग्रॅम वजनाच्या सामानात पोलादाच्या सोळा निर्जंतुक व निर्वात नळकांड्या होत्या. त्या ३८ किलोग्रॅम द्रवरूप निऑनमध्ये बुडविलेल्या. झडप उघडताच बाहेरची विरळ हवा आत ओढली जाऊन त्या विलक्षण थंडीत गोठून बसे. वीस ते एकेचाळीस किलोमीटर दरम्यान वेगवेगळ्या उंचीवर नमुने घेऊन नळकांड्या हवाई छत्रीने खाली उतरविण्यात आल्या. नंतर नमुने एकाच प्रयोगशाळेवर सोपविले नाहीत. हैदराबादची पेशी व रेणुजीवशास्त्राची संस्था आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र या दोन्हीकडे स्वतंत्रपणे परीक्षा झाली, तुलनेसाठी नियंत्रण-चाचण्याही ठेवण्यात आल्या.

१६ मार्च २००९ रोजी निष्कर्ष जाहीर झाले. जंतूंच्या बारा व बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या होत्या. बारांपैकी नऊ जंतू पृथ्वीवरील ज्ञात जातींशी शेकडा अठ्ठ्याण्णवाहून अधिक जुळत होते. तीन मात्र नवे निघाले. एकास हॉयल यांच्या स्मरणार्थ जॅनिबॅक्टर हॉयली, दुसऱ्यास अवकाश-संस्थेवरून बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि तिसऱ्यास आर्यभटाच्या नावाने बॅसिलस आर्यभट्टाय असे म्हणण्यात आले. अतिनील किरणांना हे तिन्ही आपल्या जवळच्या नातेवाइकांहून अधिक दाद न देणारे होते.

येथे कसोटीचा क्षण होता. गुरूचे आयुष्यभराचे मत, देशाचा गौरव, नवीन जंतूंची आकर्षक नावे, सर्व काही हाताशी होते. एक वाक्य थोडे पुढे सरकविले असते, तर जगभर डंका वाजला असता. परंतु निवेदनात स्पष्ट लिहिले गेले की, या प्रयोगाने या जंतूंचे पृथ्वीबाह्य मूळ निर्णायकपणे सिद्ध होत नाही. शोध पुढे चालविण्यास मात्र उत्तेजन मिळते. ज्यांच्या मनाचा कल एका बाजूस होता, त्यांच्याच प्रयोगाच्या निवेदनात तराजूची दांडी सरळ राहिली. योग्य तो संयम यालाच म्हणतात. याच नारळीकरांनी २००८ च्या सुमारास महाराष्ट्रात फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. तीत सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून हुशार व मतिमंद मुले ओळखावयाची होती. सरासरी यश शेकडा शेहेचाळीस आले, म्हणजे नाणे उडविण्याइतकेच. जी मोजपट्टी ज्योतिष्यांना लावली, तीच स्वतःच्या आवडत्या मतासही लावली, हे त्यांचे विशेष.

तो संयम किती उचित होता, हे काळाने दाखविले. आर्यभटाच्या नावाचा तो जंतू पुढे देशोदेशींच्या शेतजमिनीत पिकांच्या मुळांशी सापडू लागला. मध्य भारताच्या काळ्या मातीत, सोयाबीन व गहू यांच्या मुळांभोवती, तो आढळल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले आहे. कोणी म्हणेल, तोही वरूनच मातीत पडला असेल. तसे असू शकेल. परंतु जो खुलासा कोणत्याही शोधाने खोटा ठरूच शकत नाही, तो शास्त्राच्या दरबारी ग्राह्य होत नाही. नवी जात आणि परकी जात यांत अंतर आहे. आपल्या पायाखालच्या मातीतील बहुसंख्य जंतूंना अद्याप नावही मिळालेले नाही.

भेसळीचे भय अतिरंजित वाटत असेल, तर एक अलीकडचे उदाहरण पाहावे. जपानच्या यानाने र्‍यूगू नावाच्या लघुग्रहावरून ५.४ ग्रॅम धूळ डिसेंबर २०२० मध्ये हवाबंद पेटीतून आणली. इतकी काटेकोर व्यवस्था असूनही, इंग्लंडात तपासलेल्या एका कणावर जंतूंचे दांडे व तंतू दिसले. संशोधकांनी घाईने घोषणा केली नाही. ते मोजीत राहिले. जंतूंची संख्या काही दिवस वाढली आणि मग घटली. ही वाढ पृथ्वीवरच्या जंतूंसारखीच होती, म्हणजे कण हवेत आल्यावर ते त्यावर बसले होते. २०२४ साली त्यांनी हे प्रांजळपणे प्रसिद्ध केले.

मग अशनींनी काहीच दिले नाही काय? तसे मुळीच नाही. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे पडलेल्या धोंड्यात ॲमिनो आम्ले सापडली. डाव्या व उजव्या हाताप्रमाणे परस्परांचे प्रतिबिंब असणारे त्यांचे दोन्ही प्रकार तेथे बहुतांशी जवळजवळ सारख्या प्रमाणात होते. सजीव मुख्यत्वे डावाच प्रकार वापरतात. म्हणून ही आम्ले भूमीवरच्या जीवांची नव्हेत, हे कळले. बेनू या लघुग्रहावरून २४ सप्टेंबर २०२३ रोजी १२१.६ ग्रॅम द्रव्य आले. २०२५ च्या जानेवारीत जाहीर झाले की, सजीव वापरतात त्या वीसांपैकी चौदा ॲमिनो आम्ले आणि जनुकद्रव्याचे पाचही मूलघटक त्यात आहेत. जीव नव्हे, पण जीवाची सामग्री अवकाशात तयार होते, हे आता निःसंशय ठरले. चुना, विटा व लाकूड आवारात पडलेले दिसले, म्हणून घर बांधले गेले असे होत नाही. परंतु सामान येते कोठून, एवढे तरी कळले.

या दीडशे वर्षांच्या इतिहासातून दाव्याची परीक्षा करण्याचे चार प्रश्न निष्पन्न होतात. दगड खरोखर आकाशातला आहे काय? पडल्यापासून त्याचा सांभाळ कसा झाला? दिसलेली खूण जीवाविना अन्य कारणाने उमटू शकते काय? आणि दाव्याशी लागाबांधा नसलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेस तेच आढळले काय? आजवर एकही दावा या चारही दारांतून सुखरूप बाहेर पडलेला नाही. याचा अर्थ पृथ्वीबाहेर जीव नाही, असा मात्र नव्हे. न्यायाधीश आरोपीस पुराव्याअभावी सोडतो, तेव्हा तो गुन्हा घडलाच नाही असे म्हणत नाही. हाती आलेल्या साक्षीवरून तसे म्हणता येत नाही, एवढेच म्हणतो. उद्या एखादा धोंडा खरी साक्ष घेऊन येईलही. त्या दिवशी ती ओळखता यावी, यासाठीच आज घुणाने कोरलेल्या आकृतीस अक्षर म्हणण्याची घाई करावयाची नाही.